भटजी नकोत, मग मांडवात उभं कोण राहणार?

वाचकाचं पत्र

मी सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झाले. भाचीचं लग्न सत्यशोधक पद्धतीनं, म्हणजे जोतिराव फुल्यांच्या विचारानं भटजीशिवाय, ठरलं होतं, पण विधीकर्ते ऐनवेळी आजारी पडले आणि माईक माझ्या हातात आला. लोक म्हणतात, छान झालं. तेव्हापासून विचारणा सुरू आहेत. आता एका मैत्रिणीच्या मुलीचं लग्न १० मेला आहे. मुलगा वसईचा, कॅथलिक घरातला. दोघंही पुण्यात नोकरीला आहेत आणि दोघांनाही धार्मिक विधी नकोत. मुलीची आजी मात्र "निदान देवक तरी बसवा" म्हणून अडून बसली आहे. मुलाच्या आईचं म्हणणं, एकदा तरी देवाचं नाव निघू दे. शिवाय आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी बजावून ठेवलंय की, माझ्या मागे दहावं-तेरावं नको, काय करायचं ते बाई तुम्हीच बघा. हे काम मनापासून करावंसं वाटतंय. याचं शिक्षण कुठं मिळतं? पैसे घ्यावेत का? आमचे हे म्हणतात, पैसे घेतले तर भटजीत आणि तुझ्यात फरक काय. आणि मी लावलेलं लग्न कायद्यानं लग्न होतं का?

उत्तर

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तिथं गफलत झाली तर बाकीच्या कौतुकाला काही अर्थ उरत नाही. तुम्ही लावलेलं हे लग्न कायद्यानं लग्न ठरणार नाही. दोनशे माणसांनी फुलं उधळली, अल्बम निघाला, तरी नाही. हिंदू विवाह कायदा नवरा-नवरी दोघंही हिंदू असतील तरच लागतो (त्या कायद्याच्या लेखी बौद्ध, जैन आणि शीखही त्यातच येतात). इथं मुलगा ख्रिश्चन आहे. धर्माला मध्ये न आणता लग्न करायचं तर या दोघांना १९५४ चा विशेष विवाह कायदा हाच रस्ता. लोक त्याला कोर्ट मॅरेज म्हणतात, पण कोर्टाचा त्यात काही संबंध नसतो. विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात ते होतं.

दोघांपैकी एकजण तरी ज्या जिल्ह्यात नोटिशीआधी निदान ३० दिवस राहिलेला आहे, तिथं नोटीस द्यायची. ती कार्यालयात लावली जाते आणि पुढचे ३० दिवस आक्षेपांसाठी थांबावं लागतं. मग तीन साक्षीदार, प्रतिज्ञापत्र आणि विवाह. या कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडते. विधी कोणताही करायची मुभा आहे, पण अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना, दोघांनाही कळणाऱ्या भाषेत, "मी तुला कायदेशीर पती, कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारते, स्वीकारतो" असं म्हटल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. तुमच्या समारंभाचा कणा इथं आयता मिळतो. लग्न ती दोघं करतात, आपण फक्त त्यांना तशी जागा करून देतो.

मुलीच्या घरी शेतजमीन किंवा एकत्र कुटुंबाची मालमत्ता असेल तर अजून एक सांगून ठेवा. हिंदू व्यक्तीनं या कायद्याखाली हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांच्याबाहेरच्या माणसाशी लग्न केलं, की ती एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असं कायदा धरतो. पुढे वारसाही भारतीय उत्तराधिकार कायद्यानं ठरतो. याचा अर्थ तिचा हक्क बुडाला असा नाही, पण वाटणीचं गणित बदलतं. हे तिला आणि तिच्या वडिलांना वकिलाकडून आधीच समजून घेऊ द्या. लग्नानंतर पाच वर्षांनी कुणी हे काढलं तर बोट तुमच्याकडेही येईल.

पुढे तुमच्याकडे दोन्ही हिंदू घरांतली जोडपीही येतील. त्यांनाही मी विशेष विवाह कायद्याकडेच पाठवते. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेलेच नसतील, तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानं लग्न सिद्ध होत नाही. तमिळनाडूनं १९६७ मध्येच कायद्यात कलम घालून पेरियारांच्या चळवळीतल्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली. हार घातला, अंगठी घातली किंवा ताली (तिकडचं मंगळसूत्र) बांधली आणि एकमेकांचा स्वीकार केल्याचं सांगितलं, की झालं. महाराष्ट्रात सत्यशोधक लग्नांची परंपरा दीडशे वर्षांची आहे आणि असं कलम नाही. मला याची चीड येते, पण चिडून दाखला मिळत नाही.

कागदपत्रं स्वतः पाहायची सवय लावून घ्या. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आणि आधीचं लग्न मोडलेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा. बालविवाह लावणाऱ्याला २००६ च्या कायद्यानं दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्यात "मी भटजी नाही" ही सबब चालत नाही. शिक्षिका होता, तेव्हा दाखल्यावरची खाडाखोड ओळखण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. आणि मुलगा-मुलगी पळून आली आहेत, घरच्यांकडून जिवाला धोका आहे असं कळलं, तर समारंभ बाजूला ठेवा आणि आधी पोलिसांकडे. अशा जोडप्यांना संरक्षण द्या, त्यांच्यासाठी विशेष कक्ष उभारा, असे आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये राज्यांना दिलेले आहेत.

आता खरं काम.

धर्म नको म्हणणाऱ्यांच्या लग्नात मी बसले आहे आणि अनेकदा कंटाळले आहे. अंतरपाट गेला, होम गेला, सप्तपदी गेली, आणि त्या जागी आली भाषणं. एक वक्ता फुल्यांवर, एक आंबेडकरांवर, एक खर्चिक लग्नांवर. नवरा-नवरी खुर्चीवर घामाघूम, मागे स्वयंपाक निवतोय. विचार पटलेला माणूससुद्धा घड्याळ बघतो, आणि न पटलेला घरी जाऊन म्हणतो, "लग्न कसलं, सभा होती ती."

याचं कारण मला असं दिसतं. जुन्या लग्नात प्रत्येक नात्याला काहीतरी काम असतं. मामा नवरीला घेऊन येतो, करवली दिवा धरते, भाऊ कान पिळतो, आत्या आणि मावश्या हळद लावतात, कुणी रुखवतावर बसून नावं घ्यायला लावतं. बहुतेकांना मंत्रांचं अक्षर कळत नाही आणि तरी त्यांना वाटतं, हे लग्न आपण लावलं. आपण विधी काढताना हातांची कामंही काढून टाकतो आणि माणसांना नुसतं श्रोते करून ठेवतो. तेव्हा कागदावर संहिता लिहायला बसाल तेव्हा आधी माणसांची यादी करा: आजी, मामा, दोन्ही आया, धाकटा भाऊ, वसईची काकू. प्रत्येकासमोर एक काम लिहा. तुमचं बोलणं उरलेल्या फटीत बसवा. समारंभ अर्ध्या तासाच्या वर नेऊ नका आणि त्यातला तुमचा आवाज दहा मिनिटांपेक्षा जास्त नको. शिक्षकांना हे जड जातं, तरी.

कान पिळायला देव लागत नाही, तो राहू द्या. रुखवत राहू द्या, उखाणे तर राहूच द्या, फक्त दोघांनीही घ्यायचे. कन्यादान नको, कारण मुलगी दान द्यायची वस्तू नाही. पण त्या जागी काहीच ठेवलं नाही तर मुलीचे आई-बाप बाजूला पडतात. दोन्हीकडच्या आई-वडिलांना उभं करा आणि विचारा, "या दोघांच्या संसारात न विचारता लुडबूड करणार नाही, आणि हाक मारली तर येऊ, हे कबूल?" मांडवात हशा पिकतो, आणि त्या हशातच आयांचे डोळे पाणावतात. हार हातात द्यायला घरातली विधवा मावशी, घटस्फोट झालेली आत्या, लग्न न केलेला काका यांना मुद्दाम पुढे बोलवा. शुभकार्यात ज्यांना कायम मागच्या रांगेत बसवलं, त्यांच्याच हातातून हार आले, की सर्वसमावेशक वगैरे शब्द माईकवर उच्चारायची गरज पडत नाही. मात्र त्यांना आधी खासगीत विचारा. भर मांडवात ओढून आणलेली विधवा बाई अवघडते, आणि मग आपण तिचा मान केला की तमाशा, हे सांगता येत नाही.

जोडप्याला निदान दोनदा भेटा, एकदा दोघांना वेगवेगळं. कसे भेटलात, प्रेम कसं जमलं, हे ते आपणहून सांगतील. तुम्ही विचारायचं ते हे: या लग्नात कोण दुखावलं जाईल आणि कशानं? कुणाचं नाव घेतलेलं चालणार नाही? कोण हयात नाही, पण असायला हवं होतं? कुणाला नीट ऐकू येत नाही, कुणाला पायऱ्या चढवत नाहीत? वचनं त्यांनाच लिहू द्या. चारपाच वाक्यं पुरेत, आणि पाळता येतील अशी. "जन्मोजन्मी" वगैरे आलं तर खुशाल खोडा. पण "पगार किती ते एकमेकांपासून लपवणार नाही" असं कुणी लिहिलं तर हात लावू नका.

आता आजी आणि सासूबाई. देवक आजीच्या घरचं आहे. आदल्या दिवशी, आजीच्या घरी, आजीच्या हातानं पाच झाडांची पालवी बांधली जाऊ दे. नातीनं तिथं बसायचं की नाही हे नातीनं ठरवावं. तुमचा समारंभ दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात आहे. त्याच्या आधी आणि नंतर कोण कुठं हात जोडतं याच्यावर पहारा ठेवणं हे विधीकर्त्याचं काम नाही. आजीला हे सांगायला मुलीला नका पाठवू, तुम्ही स्वतः जा. तुमच्या वयाची बाई चहा घेत बोलली, की निम्मं भांडण तिथंच विरतं.

मुलाच्या आईचं जरा अवघड आहे, कारण त्यांना समारंभातच देवाचं नाव हवंय. इथं एक गोष्ट लक्षात घ्या, जी आपल्या कार्यकर्त्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. सत्यशोधक लग्न म्हणजे निरीश्वरवादी लग्न नव्हे. जोतिराव मध्यस्थ नाकारत होते, निर्मिकाला, म्हणजे सृष्टीच्या कर्त्याला, नाही. २५ डिसेंबर १८७३ ला, सत्यशोधक समाज स्थापन झाल्यावर तीनच महिन्यांनी, सावित्रीबाईंच्या पुढाकारानं पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजी नव्हता, पण सृष्टी निर्माण करणाऱ्याबद्दल कृतज्ञता त्या विचारात होतीच. जोतिरावांच्या मंगलाष्टकांत वधू वराकडून बायकांच्या हक्कांची आण मागते. त्या काळी भर मांडवात हे म्हणणं केवढं असेल, विचार करा. तेव्हा जोडप्याला आधी स्पष्ट विचारा: तुम्हाला सत्यशोधक पद्धत हवी आहे, की ज्यात कुठलाच ईश्वर नाही असा समारंभ? दोन्ही चालतं. पण नावाखाली काय आहे ते त्यांना माहीत हवं.

या दोघांना दुसरं हवं असेल, असं पत्रावरून वाटतं. मग संहितेत देव आणू नका. पण गाणी आणा. वसईच्या कॅथलिकांच्या सामवेदी, वाडवळी बोलींत लग्नाची गाणी आहेत, आणि तुमच्याकडच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत असणार. हार घालून झाले, की पाच मिनिटं वसईच्या बायकांना द्या, पाच मिनिटं आजीला. गाण्यात येशू आला, विठ्ठल आला, तर येऊ दे. ती त्या बायकांची गाणी आहेत, त्यांच्या तोंडून आली आहेत, विधीकर्त्यानं कुणाच्या वतीनं प्रार्थना म्हटलेली नाही. मुला-मुलीला हा बेत आधी सांगा आणि त्यांनी नाही म्हटलं तर सोडून द्या. माझा अंदाज आहे, ते नाही म्हणणार नाहीत.

तुमच्याकडे कधी दोन मुली किंवा दोन मुलगे येतील. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे समारंभ करायला कायद्याची आडकाठी नाही, पण त्यातून पती-पत्नीचे हक्क मिळत नाहीत. हे त्यांना माहीत असतंच, तुम्ही भाषण देऊ नका. मृत्युपत्र आणि बँकेतलं नामनिर्देशन करून ठेवलंय का, एवढं विचारा. तुमच्या गावात असं कुणी नाही असं वाटत असेल, तर तुम्ही तीस वर्षं वर्गात मुलं पाहिली आहेत, पुन्हा आठवून पाहा.

दहावं-तेरावं नको म्हणणाऱ्या त्या गृहस्थांचं काम लग्नापेक्षा अवघड आहे आणि ते आत्ताच हातात घ्या. त्यांनी तुम्हाला सांगितलं ते पुरेसं नाही. माणूस गेल्यावर निर्णय घरच्यांच्या हातात जातो, आणि त्या घटकेला शेजारचा कुणीही थोरला पुढे होऊन "असं कसं चालेल" म्हणतो. त्यांच्या मुलांना आणि बायकोला समोर बसवून बोलणं करा. इच्छा लिहून, सही करून, साक्षीदार घेऊन घरात ठेवायला लावा. देहदान करायचं असेल तर तुम्हाला मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तिथल्या शरीररचनाशास्त्र विभागाकडे अर्ज भरून ठेवता येतो. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून कुठं फोन करायचा तो नंबर भिंतीवर हवा, कपाटात नव्हे. शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत. तेव्हा अपघातात मृत्यू आला तर काय, हेही आत्ताच ठरवा, नाहीतर घरचे हबकतात.

देह न्यायच्या आधी अंगणात दहा-पंधरा मिनिटं पुरतात. माणूस कसा होता हे घरातल्या दोघा-तिघांनी सांगावं, त्याच्या तक्रारखोरपणासकट. दहाव्या दिवशीही लोक येणारच. त्यांना येऊ द्या, त्यांना बसायला आणि आठवण सांगायला जागा हवी असते. तिथं पिंडाच्या जागी प्रवचन आलं तर काही मिळवलं नाही.

त्या दिवशी एका गोष्टीवर मात्र तुम्ही ठाम राहायचं: त्यांच्या बायकोच्या बांगड्या. हे कुणी ठरवून करत नाही. रडारडीत एखादी म्हातारी पुढे होते आणि कुंकू पुसलं जातं. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड तुमच्यापासून लांब नाही. २०२२ च्या मे महिन्यात त्या गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. त्या दिवशी बाईंच्या शेजारी कोण बसणार हे आधी नेमून ठेवा. धीट, गोड बोलणारी, आणि जागची न हलणारी सून किंवा मैत्रीण बघा. कुणी म्हटलंच की बायकांनी स्मशानात येऊ नये, तर १८९० मध्ये जोतिरावांच्या अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं होतं, एवढं सांगा आणि चालू लागा.

शिक्षणाचं थोडक्यात. सत्यशोधक विधीकर्ते आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे भागात अशी लग्नं लावतात. त्यांच्यामागे जाऊन बसा, वही घेऊन. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवते. ते धार्मिक आहे, आपला रस्ता वेगळा. पण प्रत्येक कृतीचा अर्थ जमलेल्यांना मराठीत सांगत विधी पुढे कसा न्यायचा हे त्यांचे पुरोहित चांगलं करतात, आणि ते बघून यायला काही हरकत नाही. ब्रिटनमध्ये मानवतावादी संघटना असे विधीकर्ते रीतसर तयार करतात. स्कॉटलंडमध्ये तर २००५ पासून त्यांनी लावलेलं लग्न कायदेशीर धरलं जातं. इंग्लंडमध्ये जोडप्याला नोंदणी वेगळी करावी लागते, म्हणजे तिथल्या लोकांची अडचण तुमच्या-माझ्यासारखीच. तुम्हाला त्यांच्या प्रमाणपत्राची गरज नाही. माईक, कागद आणि नावांचे उच्चार या तीन गोष्टींचा सराव मात्र हवा. वसईची आडनावं आधी मुलाकडून म्हणवून घ्या.

पैसे घ्या. तुमच्या यजमानांच्या प्रश्नाला उत्तर ओतूरला आहे. जुन्नर तालुक्यातल्या त्या गावी सत्यशोधकांनी भटजीशिवाय लग्नं लावली, तेव्हा गावच्या जोशांनी बुडालेल्या दक्षिणेसाठी कोर्टात धाव घेतली. बोलावलं नाही तरी पैसे द्या, कारण हक्क जन्मानं आमचा, असा तो दावा होता. तुम्ही जन्मानं काही मागत नाही. दोन बैठका, संहिता लिहिणं, प्रवास आणि एक अख्खा दिवस यांचा मोबदला आधी ठरवून, सगळ्यांना सारखा सांगून घेता. ऐपत नसलेल्याला सोडा, पण लाजून फुकट करू नका. फुकट काम करणाऱ्या बाईला लोक कार्यालयात पोचल्यावर "जरा मंगलाष्टकाही म्हणा ना" असं हक्कानं सांगतात. मृत्यूच्या घरी पैसे घेऊ नयेत, असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असू शकतं.

मेमधल्या लग्नासाठी एवढंच बघा, की नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोघं पुण्यात आहेत, तेव्हा मार्चच्या पहिल्या आठवड्यात नोटीस पुण्यातच द्यायला सांगा. एप्रिलच्या अखेरीस एखाद्या कामाच्या दिवशी तिघा साक्षीदारांना घेऊन सही उरकता येईल. मग १० मेला माईक हातात घेताना तुमच्या डोक्यावर फक्त जेवणाच्या वेळेचं ओझं असेल. मेमध्ये कार्यालयात पंख्याखालची जागा आज्यांना द्या, पाहुण्या आमदारांना नको.